वळवाच्या गडगडाटाला घाबरणारा कुत्रा

महाराष्ट्रात ढगांचा खरा गडगडाट आषाढ-श्रावणातल्या संततधारेत फारसा नसतो. तो एप्रिल-मेमधल्या वळवात आणि परतीच्या पावसात असतो, तोही बहुधा दुपारनंतर. म्हणून या दिवसांत कुत्र्याला आभाळ भरून येण्यापूर्वीच फिरवून आणावे, आणि नंतर खिडक्या लावून, पडदे ओढून रेडिओ चालू ठेवावा. वीज जाण्याचीच शक्यता अधिक असल्याने तो बॅटरीवर चालणारा असलेला बरा.

कुत्रा पलंगाखाली किंवा न्हाणीघरात जाऊन बसला, तर त्याला तिथून ओढून काढू नये. तिथेच त्याची नेहमीची चादर आणि पाणी ठेवावे. जवळ घेतल्याने भीती वाढते, हा समज चुकीचा आहे: तो अंगाला चिकटून थरथरत असेल, तर शांतपणे हात फिरवत बसावे. साखळीने बांधणे मात्र घातक, कारण भेदरलेला कुत्रा हिसके देऊन गळ्याला इजा करून घेतो.

हिवाळ्यात, आकाश निरभ्र असताना, गडगडाटाचे ध्वनिमुद्रण अगदी हळू आवाजात लावून सोबत आवडीचा खाऊ द्यावा. तो निवांतपणे खात राहिला, तरच काही दिवसांनी आवाज किंचित वाढवावा, आणि खाणे थांबले की लगेच कमी करावा. यात कित्येक आठवडे जातात. सतत लाळ गळणे, दार ओरबाडणे अशी लक्षणे असल्यास पशुवैद्यकाकडून औषध लिहून घ्यावे. ते बहुधा गडगडाट सुरू होण्यापूर्वीच द्यावे लागते. माणसांच्या झोपेच्या गोळ्या परस्पर कधीही देऊ नयेत.