पॅरिशच्या वह्यांतून भावंडं कशी मोजावीत

घरात भावंडं जास्त असली की शिक्षण कमी पडतं, असं आपण सहज म्हणून जातो. अडीचशे वर्षांपूर्वी तसं खरंच होतं का, हे तपासायला इंग्लंडमधल्या पॅरिशच्या वह्या फार उपयोगी पडतात. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती, वसईकडे जिला धर्मग्राम म्हणतात ती. १५३८ साली राजा आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याच्या हुकुमानं तिथे बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी सुरू झाल्या. सुट्या नोंदी जोडून कुटुंब उभं करण्याची रीत फ्रान्समध्ये लोकसंख्याशास्त्रज्ञ लुई हेन्री यांनी बसवली. इंग्रज इतिहासकार रिग्ली यांनी ती डेव्हन परगण्यातल्या कॉलिटन गावाला लावली आणि लोकसंख्येचा इतिहास अभ्यासणाऱ्या केंब्रिजच्या गटानं पुढे २६ पॅरिशांवर काम केलं.

वही निवडताना तिन्ही नोंदी सलग आहेत ना, ते आधी बघा. मुलांच्या पिढीची लग्नं १७५४ नंतरची असावीत, कारण त्या वर्षी २५ मार्चपासून हार्डविकचा विवाह कायदा लागू झाला आणि वधूवरांना वहीत सही करावी लागू लागली. सही येत नसेल तर फुली. शिक्षणाची खूण म्हणून पुढे हीच सही कामी येते. मूळ वहीच पाहा. बिशपकडे पाठवलेली नक्कल एकाच हातानं उतरवलेली असते, तिच्यावरून कुणाला सही येत होती ते कळत नाही. १७८३ ते १७९४ या काळात दर नोंदीला तीन पेन्स कर होता; तो चुकवायला काहींनी नोंद टाळली असेल, म्हणून तेव्हाच्या नोंदी जपून वापरा. आणि १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला बदलायचं. फेब्रुवारी १७३० असं लिहिलेली नोंद आपल्या हिशेबानं १७३१ची. हे विसरलात तर लग्नाआधीच बाळ जन्मल्याचं दिसेल.

आता जोडणी. प्रत्येक नोंदीला स्प्रेडशीटची एक ओळ द्या आणि प्रत्येक लग्नाला एक कुटुंबपत्रक. वर नवराबायकोचे बाप्तिस्मा, लग्न, दफन. खाली मुलं क्रमानं. आडनाव लिहिणाऱ्याच्या कानाप्रमाणे बदलतं, म्हणून मूळ रूप एका रकान्यात तसंच ठेवा आणि प्रमाण रूप शेजारच्या रकान्यात द्या. समजा, एकाच आईबापांचा जॉन १७३१ला दिसतो आणि १७३४ला पुन्हा जॉन. पहिला बहुधा वारला, त्याचंच नाव पुढच्याला दिलं. मधल्या काळातली दफनाची नोंद शोधा. ती नसेल तर मृत्यू गृहीत धरू नका, शंकेची खूण करून ठेवा. उलट कधी दफन सापडतं, पण बाप्तिस्मा नसतो: मूल त्याआधीच गेलेलं असतं. हा जन्म पत्रकात वेगळ्या खुणेनं धरा, नाहीतर अपत्यसंख्या कमी भरेल.

सगळ्यात जास्त चुका पुढच्या पायरीवर होतात. कुटुंब आपल्या नजरेखाली कधीपासून कधीपर्यंत होतं, हे ठरवल्याशिवाय मुलं मोजू नका. सुरुवात लग्नाच्या तारखेपासून, शेवट नवरा किंवा बायको यांच्यापैकी आधी गेलेल्याच्या दफनापर्यंत. दफनाची नोंदच नसेल आणि शेवटच्या मुलाचा बाप्तिस्मा हीच शेवटची खूण असेल, तर ते कुटुंब पूर्ण अपत्यसंख्येच्या हिशेबात घेता येत नाही. ते लोक गाव सोडून गेले असतील आणि पुढची मुलं दुसऱ्या वहीत असतील. शेवटचा बाप्तिस्मा हाच शेवट धरलात, तर जन्मामुळेच कुटुंब नजरेखाली राहिलं असं होतं आणि जननदर फुगतो. दर काढायचा साधा हिशेब असा: २५ ते २९ वयाच्या विवाहित स्त्रियांची नजरेखालची वर्षं मिळून १५० भरली आणि त्यांत ५४ जन्म झाले, तर दर हजार स्त्री-वर्षांना ३६०. आईचं वय तिच्या बाप्तिस्म्यावरून येतं. तिचा जन्म परगावचा असेल तर या तक्त्यातून तिला वगळा.

शिक्षणाची खूण म्हणून मुलाच्या लग्नातली सही घ्या. १७५०च्या दशकात दहांतले सुमारे सहा नवरदेव सही करत, वधूंमध्ये चारेक. फुली म्हणजे निरक्षर, असं मात्र लिहू नका. तेव्हा वाचन आधी आणि लेखन मागाहून शिकवत; मुलींना कित्येकदा वाचनावरच थांबवत. हा भेद कळकळीनं सांगावासा वाटतो, कारण वाचू शकणाऱ्या असंख्य बायका त्या फुलीमागे दडून गेल्या आहेत.

आता भावंडांचे दोन आकडे ठेवा: जन्मलेली आणि पाच वर्षांपुढे जगलेली. तान्हेपणी गेलेल्या भावंडानं शाळेच्या पैशात वाटा मागितलेला नसतो. तरीही नुसती तुलना फसवते. ऐपतदार घरांत मुलंही जास्त असत आणि शिक्षणही, म्हणून बापाचा व्यवसाय हिशेबात हवाच. त्यापुढची युक्ती क्लेम्प आणि वाइस्डॉर्फ या अभ्यासकांनी वापरली: लग्न ते पहिलं मूल यातलं अंतर. ते बरंचसं शरीराच्या क्षमतेवर ठरतं, आईबापांच्या शिक्षणाच्या हौसेवर नाही. लवकर मूल झालेल्या जोडप्यांना एकूण मुलंही जास्त होतात, आणि त्यांच्या मुलांत सही करणारे कमी निघतात का, ते पाहायचं. त्यांना तसंच आढळलं. नऊ महिन्यांच्या आतली पहिली मुलं यात धरू नका, त्यांचा गर्भ बहुधा लग्नाआधीच राहिलेला असतो. आईचं लग्नाचं वयही सोबत घ्या.

गोव्यातल्या जुन्या चर्चमधल्या पोर्तुगीज वह्यांना कुटुंबपत्रकाची हीच रीत लावता येईल. आपल्याकडच्या कुलवृत्तांतांना ती जशीच्या तशी लागू नाही. त्यांतल्या जुन्या पिढ्यांत मुलींची नावं बहुधा गळालेली असतात आणि तान्ही गेलेली मुलं येतच नाहीत. तिथे मोजलंत तर रकान्याला ‘भावंडं’ न म्हणता ‘वंशावळीत आलेले भाऊ’ म्हणा.