मार्ता कुबिशोव्हाची श्रवणबैठक घरी कशी भरवाल

चेक भाषेचा गंध नसला तरी चेक गायिका मार्ता कुबिशोव्हा मनापासून ऐकता येते. मी दर महिन्याला घरी गाण्याची बैठक घेते. मार्ताची बैठक आजवर अनेकदा झाली आणि तिचा क्रम आता माझ्या हातात बसलाय. तोच इथे देते.

आधी स्पीकरचं बघा. मोबाईलवर ऐकवू नका, कारण मार्ताची सगळी श्रीमंती खालच्या स्वरांत आहे आणि लहान स्पीकर नेमकी तीच गिळतो. गाणी आदल्या दिवशी शोधून ठेवा. शोधताना तिच्या नावाबरोबर साल टाका, नाहीतर पुढच्या पिढीतल्या गायिकांनी गायलेलं समोर येतं. प्रत्येक गाण्याचा आशय दोन ओळींत लिहून कागद वाटा आणि गाणं सुरू असताना अजिबात बोलू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 'मोदलित्बा प्रो मार्तु' म्हणजे 'मार्तासाठी प्रार्थना' हे तिचं सर्वांत प्रसिद्ध गाणं सुरुवातीला लावू नका. त्याला इतका इतिहास चिकटलाय की मंडळी एकदम गंभीर होऊन बसतात आणि आवाज ऐकायचा राहून जातो. मार्ता आधी पॉप गायिका आहे, तरुण पोरांना नाचवणारी. ती ओळख पहिली व्हायला हवी.

म्हणून मी 'हेय जूड'पासून सुरू करते. बीटल्सची ही चाल सगळ्यांच्या कानात असते, चेक शब्द झ्देन्येक रितीर्झचे आहेत. सुरुवातीला ती जवळ बसून समजूत घालावी तशी गाते, आवाज जरासा खरखरीत, जाड विणीचा. शेवटाकडे तोच आवाज मोकळा सुटतो. ही वाढ श्रोत्यांना पकडू द्या. मग 'गोल्डन किड्स'चं एखादं गाणं लावा. हेलेना वोंद्राच्कोव्हा, वात्स्लाव्ह नेत्स्कार्झ आणि मार्ता यांचं हे त्रिकूट नोव्हेंबर 1968 मध्ये जमलं. हेलेनाचा आवाज उजळ, मार्ताचा गडद. दोघी एकत्र गातात तेव्हा मार्ताचं वेगळेपण लगेच कळतं.

या दोन गाण्यांच्या मध्ये चरित्र सांगा, पण थोडक्यात. जन्म 1 नोव्हेंबर 1942, चेस्के बुद्येयोवित्से. डॉक्टरांची मुलगी, पोद्येब्राडीत वाढली. विद्यापीठाचं दार बंद झालं म्हणून काच कारखान्यात कामाला लागली. मग पार्दुबित्से, प्लझेन्य इथली छोटी थिएटरं आणि शेवटी प्रागचं रोकोको. 'झ्लाती स्लावीक' म्हणजे 'सोनेरी बुलबुल' या लोकमताच्या स्पर्धेत ती 1966, 1968 आणि 1969 साली गायिकांमध्ये पहिली आली. एवढं पुरे.

आता प्रार्थना, 1968 चं ध्वनिमुद्रण. एका टीव्ही मालिकेसाठी यिंद्रिख ब्राबेत्सने चाल दिली, पेत्र रादाने शब्द लिहिले. 21 ऑगस्टला सोव्हिएत रणगाडे तिच्या देशात, चेकोस्लोव्हाकियात घुसले आणि हे गाणं लोकांनी आपलं केलं. आशय असा: या भूमीवर शांतता नांदो, द्वेष, मत्सर, भीती सरो, आणि लोकांचा हरवलेला कारभार त्यांच्याकडे परत येवो. यातला शेवटचा विचार सतराव्या शतकातल्या कोमेन्स्कीचा, देशोधडीला लागलेल्या एका धर्मगुरू-शिक्षकाचा आहे. आमच्याकडे कुणीतरी पसायदानाचं नाव काढतंच, आणि ते रास्तच आहे. लगेच 'तायगा ब्लूज 69' लावा. ऑगस्ट 1968 मध्ये मॉस्कोच्या लाल चौकात आठ माणसं या आक्रमणाविरुद्ध बसली आणि त्यांतल्या बहुतेकांनी शिक्षा भोगली. हे गाणं त्यांच्याबद्दल आहे. ते तिच्या 1969 च्या 'साँगी आ बालादी' या तबकडीवर आलं.

यानंतर यंत्र बंद करा. खरंच बंद करा, पार्श्वभूमीलाही काही नको. 1970 च्या सुरुवातीला तिची म्हणून काही अश्लील छायाचित्रं पुढे आणली गेली. ती बनावट होती. तिने खटला भरला, निकाल तिच्या बाजूने लागला, तरी सरकारने तिच्या गाण्यावर घातलेली बंदी उठली नाही. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती, आवाज ऐन भरात. पुढे तिने प्लॅस्टिकच्या पिशव्या बनवल्या, कचेरीत कारकुनी केली. 1977 मध्ये 'चार्टर 77'वर, म्हणजे मानवी हक्कांची मागणी करणाऱ्या जाहीरनाम्यावर, सही केली आणि त्या चळवळीची प्रवक्तीही झाली. रेडिओवर तिचा आवाज वीस वर्षं नव्हता. हे सांगून झालं की मी थोडा वेळ काहीच बोलत नाही.

मग नोव्हेंबर 1989, कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले तो महिना. प्रागच्या वेन्सेस्लास चौकातली मेलांत्रिख प्रकाशनगृहाची बाल्कनी, खाली माणसांचा समुद्र, आणि मार्ता वाद्यांशिवाय तीच प्रार्थना गाते. चित्रफीत न दाखवता आधी नुसता आवाज ऐकवा. सूर कुठे जडावतो, श्वास कुठे घेतला जातो, ते चित्राशिवाय जास्त कळतं. चित्रफीत दुसऱ्यांदा लावा. 1 जानेवारी 1990 ला राष्ट्राध्यक्ष हावेल यांनी आपल्या भाषणाचा शेवट कोमेन्स्कीच्या याच विचाराने केला, हे इथे सांगायला विसरू नका.

चहाच्या वेळी एक प्रश्न हमखास येतो: बाकीचे गायक काय करत होते? उत्तर सरळ द्या. हेलेना पुढेही मोठी तारका राहिली. कारेल गॉट या सर्वांत लाडक्या गायकाने 1977 मध्ये चार्टरविरोधी सरकारी मेळाव्यात भाग घेतला, आणि डिसेंबर 1989 मध्ये त्याच बाल्कनीतून, परदेशातून परतलेल्या, निषेधाची गाणी लिहून गाणाऱ्या कारेल क्रिलच्या बरोबरीने राष्ट्रगीत म्हटलं. कुणाला दोष देण्याची घाई करू नका. पण मार्ताने काय गमावलं, ते पुसटही होऊ देऊ नका. ते मला कुणालाच विसरू द्यायचं नाही.

वेळ उरला तर 1990 नंतरचं एखादं गाणं लावा. 1 नोव्हेंबर 2017 ला, पंचाहत्तराव्या वाढदिवशी, प्रागच्या लुत्सेर्ना सभागृहात तिने निरोपाचा कार्यक्रम केला. पुढच्या बैठकीसाठी क्रिल घ्या. त्याची गिटार आणि शब्द ऐकायला वेगळी संध्याकाळ लागते.