जुनी ९० मिमी लेन्स घेताय? आधी टॉर्च काढा

रेंजफाइंडरला (लेन्समधून नव्हे, वेगळ्या खिडकीतून बघून फोकस करायच्या कॅमेऱ्याला) टेली, म्हणजे दूरचं जवळ आणणारी लेन्स, लावायची तर मी ९० मिमीच्या पुढे जात नाही. ०.७२ पट दाखवणाऱ्या व्ह्यूफाइंडरमध्ये (बघायच्या खिडकीत) १३५ मिमी लेन्सची चौकट एवढीशी दिसते, की समोरच्याचे भाव टिपायचे सोडून माणूस चौकटच शोधत बसतो. लायकाची बारीक टेली-एल्मारिट ही माझी आवडती: १९७४ ते १९९० या काळातली, ऍपर्चर (प्रकाश आत घेणारं छिद्र) एफ २.८पर्यंत उघडणारी, चार भिंगांची, २२५ ग्रॅम, ३९ मिमी फिल्टरवाली. तिच्याआधीची पाच भिंगांची ‘जाडी’ही उत्तम, पण खिशात मावणार नाही.

दोघींनाही खोड एकच, आतून धुरकटण्याची. म्हणून बाहेरच्या चकाकीवर भाळू नका. ऍपर्चर पूर्ण उघडा, मोबाइलचा टॉर्च पुढून मारा आणि मागून जरा तिरकं बघा. सरळ बघितलंत तर खराब लेन्ससुद्धा स्वच्छ दिसते. धुळीचे चार कण सोडून द्या. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी. आपल्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये ती हमखास सापडते. सगळीकडे सारखं दुधाळ पटल दिसलं तर खरी गोम तिथे आहे. ते ग्रीसच्या वाफेचं असेल तर कारागीर पुसून देतो. काचच खाल्ली गेली असेल तर पुसल्यावरही ढग तसाच, आणि बदली भिंग आणणार कुठून? विकणारा म्हणेल, ‘किरकोळ आहे हो, साफ करून घ्या.’ त्याला सांगा, ‘तुम्हीच करून ठेवा, मग पैसे देतो.’ बहुतेक वेळा तिथेच बोलणं संपतं. ऑनलाइन घेत असाल तर टॉर्च मारलेला फोटो मागा. टाळाटाळ झाली तर पुढची लेन्स बघा.

मग फोकस. एक मीटरवर एफ २.८ला जेमतेम दोन सेंटिमीटर भाग धारदार येतो, म्हणजे डोळा साधला तर कान गेला. वर्तमानपत्र तिरकं ठेवा, एका ओळीवर पेनाने रेघ ओढा, तिच्यावर फोकस करून फोटो काढा. वरची किंवा खालची ओळ स्पष्ट आली तर लगेच लेन्सला दोष देऊ नका. तीच परीक्षा तुमच्या ५० मिमीची घ्या. तीही चुकली तर कॅमेराच दुरुस्तीला द्यायला हवा.

स्वस्तात हवी असेल तर १९७३च्या लायका सीएलसाठी केलेली एल्मार-सी, एफ ४. काच छान, पण कॅमेऱ्यातल्या फोकस यंत्रणेला टेकणारी तिची मागची कडा तिरकी आहे. लायकाच्या एम मालिकेतल्या कॅमेऱ्यावर लावणार असाल तर स्वतःच्या कॅमेऱ्यावर तपासल्याशिवाय घेऊ नका.

मुंबईत असाल तर फोर्टच्या बोरा बाजारात चक्कर मारा, अशी लेन्स तिथे रोज येत नसली तरी. परदेशातून मागवताना कस्टम ड्यूटी धरूनच भाव ठरवा. हूड (लेन्सवर ऊन येऊ न देणारी पुढची टोपी) नसेल तर तेवढे पैसे कापून घ्या. समोरून ऊन आलं की बारीक टेली-एल्मारिट लगेच फिकी पडते.