सॅक सर्वांत शेवटी घ्यावी: कमी सामानाच्या प्रवासासाठी वस्तूंची निवड

कमी सामानात प्रवास करायचे ठरले की बहुतेक जण सर्वप्रथम सॅक विकत घेतात आणि गणित तिथेच चुकते. माझेही तसेच झाले. आधी ६० लिटरची सॅक घेतली, ती अर्धी रिकामी दिसते म्हणून तिच्यात काही ना काही भरत गेलो आणि दहा दिवसांच्या प्रवासात त्यातल्या निम्म्या वस्तूंना हातही लागला नाही. म्हणून पुढे दिलेला क्रम मुद्दाम उलटा आहे: आधी वस्तू ठरवाव्यात, आणि त्या मावतील एवढीच सॅक अखेरीस शोधावी.

सुरुवात स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यापासून करावी. न्यायची प्रत्येक वस्तू त्यावर ठेवून तिचे वजन कागदावर लिहावे. अनेक विमान कंपन्या केबिनमध्ये ७ किलोपर्यंतच सामान नेऊ देतात. रिकाम्या ट्रॉली बॅगेचेच वजन अडीच-तीन किलो भरत असेल, तर प्रत्यक्ष सामानासाठी किती उरते हे वेगळे सांगायला नको. हवा काढून कपडे दाबणाऱ्या पिशव्यांबद्दल पुष्कळांचा गैरसमज असतो. त्यांनी आकार कमी होतो, वजन मात्र पिशवीच्या वजनाइतके वाढते.

खरा निर्णय कपड्यांचा असतो. किती जोड न्यायचे हे प्रवासाच्या दिवसांवर नव्हे, तर धुतलेला कपडा किती तासांत वाळतो यावर ठरवावे. रात्री धुतलेला कपडा सकाळी घालता येत असेल, तर एक अंगावर, एक दोरीवर आणि एक सॅकमध्ये असे तीन जोड पाच दिवसांना पुरतात आणि पन्नास दिवसांनाही पुरतात. सुती कापड अंगाला सुखद असले तरी त्याचा धागाच पाणी शोषून घेतो, त्यामुळे दमट हवेत ते दुसऱ्या दिवशीही ओलसर राहते. पॉलिस्टरचा धागा पाणी जवळजवळ शोषत नाही म्हणून तो लवकर वाळतो. मात्र घामाचा वास त्यात लवकर धरतो. मेरिनो जातीच्या मेंढीची मऊ लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश ओलावा सामावूनही हाताला ओली लागत नाही आणि दोन-तीन दिवस घातली तरी तिला फारसा वास येत नाही, परंतु पातळ मेरिनोला भोके लवकर पडतात आणि ती महागही असते. रोज धुण्याचा कंटाळा नसेल त्याने पॉलिस्टर मिश्रणाचे कपडे घ्यावेत, असे माझे मत आहे. मेरिनोवर खर्च करायचाच असेल तर तो मोज्यांवर करावा, कारण तिथे त्याचा उपयोग सर्वाधिक जाणवतो.

लेबलवरच्या दाव्यांवर विसंबण्यापेक्षा घरी परीक्षा घेणे सोपे आहे. कपडा संध्याकाळी धुवावा, पिळून झाल्यावर कोरड्या टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळून पुन्हा दाबावा, म्हणजे उरलेले पाणी टॉवेलमध्ये उतरते. नंतर तो पंखा न लावता खोलीत वाळत घालावा. सकाळी कमरेच्या पट्टीला आणि काखेच्या शिवणीला हात लावून पाहावा. तिथे ओल असेल तर तो कपडा घरीच राहू द्यावा. जीन्स या परीक्षेत हमखास नापास होते, आणि ती वजनदारही असते.

थंडीसाठी एक जाड कोट नेण्यापेक्षा एकावर एक घालता येतील असे पातळ थर न्यावेत. पिसे भरलेले जॅकेट वजनाच्या मानाने सर्वांत उबदार असते आणि दाबले की मुठीएवढे होते, पण ते भिजले की पिसे चिकटतात आणि ऊब जाते. जिथे पाऊस आणि थंडी एकत्र असतात तिथे कृत्रिम तंतू भरलेले जॅकेट थोडे जड असले तरी अधिक भरवशाचे ठरते. पावसाळी जॅकेट घेताना आतल्या शिवणींवर पट्टी चिकटवलेली आहे का, हे उलटे करून पाहावे; कापड कितीही जलरोधक असले तरी पट्टी नसलेल्या शिवणीच्या टाक्यांतून पाणी झिरपतेच. बूट एकच जोड, तोही पायांत. सोबत फार तर हलकी चप्पल.

विजेच्या उपकरणांत वजन लपून बसते, कारण प्रत्येक वस्तू आपापला चार्जर घेऊन येते. गॅलियम नायट्राइड हा अर्धवाहक वापरल्यामुळे आकाराने लहान असलेला, दोन-तीन तोंडांचा ६५ वॅटचा एक चार्जर फोन आणि टाइप-सी वर चालणारे बहुतेक लहान लॅपटॉप या सर्वांना पुरतो. परदेशी जाताना चार्जरवरील बारीक अक्षरे वाचावीत: तिथे १००–२४० व्होल्ट लिहिले असेल तर केवळ पिन बदलणारा अडॅप्टर पुरे होतो. केस वाळवण्याचे यंत्र किंवा इस्त्री अशी उष्णता देणारी उपकरणे मात्र अनेकदा एकाच व्होल्टेजची असतात, त्यामुळे ती नेऊच नयेत. पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही, ती केबिनमध्येच न्यावी लागते, आणि विमान कंपनीच्या परवानगीशिवाय १०० वॅट-तासांची (वॅट-तास म्हणजे बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेचे माप) मर्यादा असते. हिशेब सोपा आहे: २०,००० मिलिअँपिअर-तास म्हणजे २० अँपिअर-तास, त्याला आतल्या बॅटरीच्या ३.७ व्होल्टने गुणले की ७४ वॅट-तास येतात. तरीही फोन दिवसातून एकदाच चार्ज करणाऱ्याला १०,००० ची पॉवर बँक पुरते आणि वजन जवळपास निम्मे होते.

विमानातील द्रव पदार्थांचा नियम २००६ पासून अनेक देशांत लागू आहे: प्रत्येक बाटली १०० मिलिलिटरपर्यंतची आणि सर्व बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. इथे आतला द्रव नव्हे, तर बाटलीची क्षमता मोजली जाते, त्यामुळे १५० मिलिलिटरची अर्धी संपलेली ट्यूबही काढून घेतली जाते. नवी तपासणी यंत्रे बसवलेल्या काही विमानतळांनी नियम सैल केला आहे, पण परतीच्या विमानतळावर तो जुनाच असू शकतो. साबणाची आणि शाम्पूची वडी घेतली की हा प्रश्न बराचसा मिटतो.

आता सॅक. निवडलेले सर्व सामान एका खोक्यात रचावे आणि खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून, गुणाकाराला १,००० ने भागावे; उत्तर लिटरमध्ये मिळते. बहुतेकांचे उत्तर ३० ते ४० च्या दरम्यान येते. केबिनसाठी ५५ × ४० × २० सेंटिमीटर हे माप अनेक कंपन्यांना चालते, तरी आपल्या कंपनीचे माप तपासावे, कारण त्यात चाके आणि मूठही धरतात. दुकानात सॅक रिकामी घालून पाहण्याला काही अर्थ नाही. पाच-सहा किलो वजन भरून ती पाठीवर घ्यावी आणि कंबरपट्टा नितंबाच्या हाडांवर बसतो का, हे पाहावे. तो पोटावर येत असेल तर सगळा भार खांद्यांवरच राहतो. कापडापेक्षा चेन आधी निकामी होते, म्हणून भरलेल्या सॅकची चेन कोपऱ्यांवरून एका हाताने सरकवून बघावी. ती अडकत असेल तर रंग कितीही आवडला तरी सॅक परत ठेवावी. पावसासाठी बाहेरून घालायच्या आवरणापेक्षा आत एक जाड प्लास्टिकची पिशवी अधिक उपयोगी पडते, कारण बाहेरचे आवरण पाठीकडची बाजू उघडीच ठेवते.

निघण्याच्या दोन दिवस आधी पूर्ण भरलेली सॅक घेऊन जिन्यांसह तासभर चालून यावे. चालताना जी वस्तू काढून टाकावीशी वाटली ती, औषधे सोडून, खरोखरच काढावी. शेवटी वजन करताना काटा साडेसहा किलोवर आला की थांबावे. घरचा काटा आणि विमानतळावरचा काटा यांचे नेहमीच जुळते असे नाही.