कारवान कुत्रा पाळताना

कारवान कुत्रा घरी आणला की येणारा-जाणारा पहिला प्रश्न हाच विचारतो, की याला पोटभर खायला मिळते ना? हा प्रश्न मनाला लावून घेऊन त्याला लठ्ठ करणे ही या जातीच्या बाबतीत होणारी सर्वांत मोठी चूक आहे. मराठवाडा, सोलापूर, सांगली आणि लगतच्या कर्नाटकातील माळरानांवर सशामागे धावण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेला हा कुत्रा वासापेक्षा नजरेवर शिकार करतो. लांब निमुळते तोंड, खोल छाती आणि आत ओढलेले पोट ही त्याची ठेवणच वेगासाठी आहे. पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी साधारण ६८ ते ७२ सेंटिमीटर भरतो. आखूड, गुळगुळीत केसांच्या कुत्र्याला कारवानी, तर कानांवर आणि शेपटीवर लांब रेशमी केस असलेल्याला पश्मी म्हणतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासल्यामुळे हीच जात मुधोळ या नावानेही ओळखली जाते.

निरोगी कारवानच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसतात आणि त्या तशाच दिसू द्याव्यात. मात्र पाठीचा कणा व कमरेची हाडे टोकदार दिसू लागली, तर जंताची तपासणी करून घ्यावी. भाकरी-दूध हा गावाकडचा आहार पुरेसा नाही. त्याला अंडी, मांस किंवा चांगल्या प्रतीच्या तयार खाद्याची जोड हवी. छाती खोल असल्याने पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो, म्हणून एकदम भरपेट देण्याऐवजी दोन वेळांत विभागून द्यावे आणि धावण्याच्या आधी व नंतर तासभर तरी खायला घालू नये.

धावणे ही त्याची गरज आहे. दिवसभर साखळीला बांधलेला कारवान चिडका किंवा भित्रा होतो, हे मी वारंवार पाहिले आहे आणि ते पाहवत नाही. सकाळी उन्हे चढण्यापूर्वी कुंपण असलेल्या मोकळ्या जागेत त्याला सोडावे. उघड्या माळावर किंवा रस्त्यालगत मात्र कधीही सोडू नये, कारण पळणारे मांजर किंवा शेळीचे करडू दिसताच तो हाकेला थांबत नाही. सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरते, त्यामुळे ती हौस मालकाने मनातही आणू नये. त्याची मान डोक्याच्या मानाने जाड असल्यामुळे साध्या गळपट्ट्यातून तो सहज निसटतो. रुंद, ओढल्यावर थोडा आवळणारा पट्टा वापरावा.

परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. पिल्लू दोन-तीन महिन्यांचे असतानाच त्याला वेगवेगळ्या माणसांची सवय लावावी, आणि शिकवताना आवाज चढवू नये, कारण एकदा धसका घेतला की त्याचा विश्वास परत मिळवायला महिने लागतात.

कातडी पातळ असल्याने काटेरी तारेने ती चटकन फाटते. थंडीत त्याला गोणपाटाचे जाड अंथरूण द्यावे. गोचिडांसाठी कानांच्या आतला भाग व बोटांच्या बेचक्या रोज पाहाव्यात. शस्त्रक्रियेची वेळ आली तर हा कारवान असल्याचे पशुवैद्याला आवर्जून सांगावे, कारण अंगात चरबी फार कमी असलेल्या अशा कुत्र्यांमध्ये भुलीच्या काही औषधांचा अंमल उतरायला जास्त वेळ लागतो.