‘येडा शे’ म्हटल्याने केस सुटत नाही : या चुका टाळा

“वकीलसायेब, मना भाऊ येडा शे. त्याले काहीच समजत नही.” जळगावच्या कोर्टाच्या आवारात हे बोलणारा माणूस बहुतेक वेळा खरेच बोलत असतो. पण वेडाच्या बचावाचे कलम, म्हणजे भारतीय न्याय संहितेचे कलम २२ (जुन्या भारतीय दंड संहितेचे, भादंविचे, कलम ८४), आरोपी वेडा आहे का एवढेच विचारत नाही. कृत्य करतेवेळी, त्या घटकेला, आपण काय करतोय किंवा ते चूक वा बेकायदा आहे हे कळण्याची कुवत त्याच्यात होती का, हा प्रश्न असतो.

सगळ्यात महागात पडते ती आधीचे कागद न जपण्याची चूक. आपल्याकडे आधी भगत, उतारा, मग डॉक्टर. आणि डॉक्टरची चिठ्ठी कुठे गेली ते कोणालाच आठवत नाही. मग हाती उरतो अटकेनंतरचा दाखला, आणि तो एकटा लंगडा पडतो. २००२ साली सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाला बायकोच्या खुनातून सोडले. १९९२ पासूनचे स्किझोफ्रेनियाचे उपचार कागदावर होते, वडिलांनाही मानसिक आजार होता, खुनाचे कारण क्षुल्लक होते आणि दिवसाढवळ्या मारून तो पळालाही नव्हता.

पळण्यावरून आठवले. घाबरलेले घरचेच रक्ताचे कपडे धुतात, पोराला रातोरात सुरतेला मामाकडे पाठवतात. सरकारी वकिलाला याहून काय हवे? लपला, म्हणजे चूक होती हे कळत होते! शिवाय पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा घरच्यांवर वेगळाच.

स्वतः होऊन प्यायलेल्या दारूची नशा म्हणजे वेड नव्हे. तो बचाव इथे चालत नाही.

“वेडा नाही हे पोलिसांनी सिद्ध करावे” असेही ऐकतो. कायदा प्रत्येकाला शहाणा धरूनच चालतो. वेड दाखवायचे आरोपीने. मात्र डाह्याभाई ठक्कर खटल्यात १९६४ साली सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केले की त्यासाठी संशयातीत पुरावा लागत नाही, संभाव्यतेचे पारडे आपल्या बाजूला झुकले तरी पुरते.

आरोपी आज, खटल्याच्या वेळी, भ्रमिष्ट असेल तर ती वेगळी तरतूद. त्यात खटला थांबतो, निर्दोष सुटका होत नाही.

आणि वेडाच्या बचावावर सुटला म्हणजे घरी आला, असे समजू नका. ज्याच्या खटल्यावरून हा सगळा कायदा उभा राहिला, तो मॅकनॉटन १८४३ मध्ये लंडनला निर्दोष ठरला, पण मेला तो १८६५ मध्ये वेड्यांच्या रुग्णालयातच. आपल्याकडेही कोर्ट सुरक्षित ताब्यात ठेवते. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी या जुन्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी खान्देशात एकही नाही. नातेवाइकाच्या हवाली करायचे, तर नीट सांभाळीन, कोणाला इजा होऊ देणार नाही, अशी हमी त्याला द्यावी लागते. ती कोण देणार, हे भावाभावांत निकालाआधीच बोलून घ्या.