सातबाऱ्यावरचा जुना बोजा अखेर उतरला: माझा अनुभव
पिरंगुटजवळ प्लॉट ठरवला. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात कर्ज देणाऱ्या सोसायटीचा ४०,००० रुपयांचा बोजा, म्हणजे जमिनीवरच्या कर्जाची नोंद. कर्ज मालकाच्या वडिलांनी केव्हाच फेडलेलं. वकील टायटल क्लिअर म्हणेनात. पिवळ्या पडलेल्या भरणा पावत्या, प्रतिज्ञापत्र, तलाठ्याकडे तीन खेपा... सगळं पाण्यात.

जमलं ते असं: आधी सोसायटीच्या लेटरहेडवर कर्ज निरंक (काही बाकी नाही असा) दाखला. त्यात गट नंबर आणि बोज्याचा मूळ फेरफार (नोंदीतला बदल) क्रमांक हवाच (आमचा पहिला दाखला त्यावाचूनच होता!). मग मालकाने ई-हक्क या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर 'बोजा कमी करणे' अर्ज भरून दाखला जोडला. तलाठ्याने फेरफार धरला, नोटिशीचे १५ दिवस गेले, हरकत आली नाही, मंडल अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली. महाभूमी या सरकारी संकेतस्थळावर १५ रुपये भरून डिजिटल सहीचा नवा सातबारा काढला. रकाना कोरा दिसल्यावरच विसार दिला.